बिनकराराच्या नेटची सतरा कलमं

ज्या कागदावर अटी नाहीत, त्या कागदाला मामा हात लावत नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीच्या दावे-छाननी विभागात काढली. लोकांनी पाठवलेल्या दाव्यात खोट कुठे आहे ते शोधायचं, आणि नाहीच सापडली तर का सापडली नाही याचा लेखी खुलासा वरिष्ठांना द्यायचा, असं ते काम. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, पण नजर तीच राहिली. साधी छत्री घेतली तरी तिच्या दांड्यावरची चिठ्ठी मामा भिंगातून वाचणार. "मोठ्या अक्षरात कंपनी बोलते आणि बारीक अक्षरात विचार करते," असं ते म्हणत, आणि घरातले सगळे मान डोलावत, कारण मान डोलावली नाही तर ते उदाहरणं देत.

त्यांची आणखी एक सवय होती. कुठल्याही कागदावर सही केली, की उरलेली कोरी जागा पट्टी लावून तिरक्या रेघेने बंद करायची. मागाहून कुणी काही घुसडायला नको! ही रेघ त्यांनी घरच्या पत्रांनाही सोडली नाही. भाचीच्या प्रत्येक वाढदिवसाला मामाचं शुभेच्छापत्र यायचं, त्यात 'अनेक आशीर्वाद' एवढंच लिहिलेलं असायचं आणि मग तळापर्यंत एक लांबलचक तिरकी रेघ. लहानपणी कितीतरी वर्षं भाचीला वाटायचं, की मामाने आपल्याला नापास केलंय.

तर अशा या मामांना त्यांच्या ताईचा फोन आला, तेव्हा ते नव्या मिक्सरचं हमीपत्र तिसऱ्यांदा वाचत होते.

"पोरगी रडकुंडीला आलीय रे," ताई म्हणाली. "घरात नेट नाही तिच्या. तू जाऊन बघ ना जरा."

भाची पुलांना पडणाऱ्या भेगांचा अभ्यास करत होती. संशोधनाच्या एका जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं, पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला. मुलाखत घेणारे पाच जण पाच गावी बसून पडद्यावर दिसणार होते. जो उमेदवार वेळेवर पडद्यावर येणार नाही त्याला पुन्हा संधी नाही, असं पत्रात चांगलं ठळक छापलं होतं. आणि हिच्या भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, फोनचं नेट दारातल्या पायपुसण्यापर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. कॉलेजला सुट्टी लागलेली, वाचनालयात बोलायला बंदी, आणि कोपऱ्यावरच्या नेटच्या दुकानात आता चष्मे मिळत होते.

मामा भिंग, पट्टी, लाल पेन्सिल आणि फाइलींची बॅग घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

"मामा, हे घर आम्ही दहा आठवड्यांनी सोडणार आहोत," भाची म्हणाली. "मला दहा आठवड्यांचंच नेट हवंय. करार नको, कटकट नको."

"बरं. आणि करार न करता नेट देणारा असा कोण धर्मात्मा बसलाय इथे?"

"कुणी नाही, मामा," भाचीची मैत्रीण आतून म्हणाली. "मी सगळीकडे विचारून झालं."

ही मैत्रीण भूगर्भशास्त्र शिकत होती आणि तिच्या पलंगाखाली पोतंभर दगड होते. एवढे दगड कुणी कशासाठी जमवतं, हा प्रश्न मामांच्या डोक्यात त्या दिवशी शिरला तो कायमचाच.

सुरुवात मोठ्या कंपनीच्या कचेरीपासून झाली. दारात यंत्रातून टोकन निघालं. मामांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की टोकन म्हणजे सेवेची हमी नव्हे. मामांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पुढे खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, की करार कमीत कमी बारा महिन्यांचा असतो.

"आम्हाला दहा आठवडेच हवंय."

"मग बारा महिन्यांचं घ्या आणि दहा आठवडे वापरा."

"आणि बंद करायचं झालं तर?"

"बारा महिन्यांनी अर्ज करायचा. याच खिडकीवर, स्वतः येऊन."

"अर्ज मिळतो कुठे?"

"नेटवर."

"आणि नेट घेण्याचा अर्ज?"

"तोही नेटवरच आहे ना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला. मामा बाहेर आले ते रागावून नव्हे, उलट आदराने. एवढा बंदिस्त कारभार त्यांनी स्वतःच्या विभागातही पाहिला नव्हता. पण त्याने भाचीचा प्रश्न काही सुटला नाही, आणि मुलाखतीला पाचच दिवस उरले.

मग भाचीने फोनवर आसपासच्या नेटची यादी उघडून दाखवली. पंधरा-वीस नावं होती आणि सगळ्यांना कुलूप. त्यातल्या एकाचं नाव 'मागू नका' असं होतं. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्याकडे आधी किती जणांनी मागितलं असेल, आणि त्यातलं आपलं कोण, असा विचार करत मामांनी भाचीकडे पाहिलं. भाची दुसरीकडे पाहू लागली.

अखेर घरमालकीणबाईंनी एक नाव सुचवलं. त्या तळमजल्यावर राहत आणि जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर डोळ्यात तेल घालून पहारा देत. "तो शिडीवाला आहे बघा," त्या म्हणाल्या. "लाँड्रीच्या शेजारी खोली आहे त्याची. अर्ध्या गल्लीला तोच नेट देतो. मी नाही घेतलं. घरात वायर आली की पाठोपाठ काय काय येईल, सांगता येत नाही." हे ऐकून मामांना त्या बाई फार समंजस वाटल्या.

शिडीवाला चाळिशीचा, किडकिडीत माणूस होता. स्कूटरला आडवी शिडी बांधून फिरायचा, म्हणून ते नाव. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लावतो की उद्या. महिन्याच्या महिन्याला बघू. नको झालं की फोन करा, वायर गुंडाळून घेऊन जातो."

"करार?"

"करार-बिरार काही नाही, साहेब."

"अर्ज?"

"नाही."

"निदान अटी तरी?"

"अटी कसल्या? वायर आहे, नेट आहे."

मामांच्या पायाखालची वाळू सरकली. बारा महिन्यांची अट घालणारी कंपनी परवडली, निदान ती आपले दात दाखवते! ज्याला काहीच नको, त्याला नेमकं काय हवंय? एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर अट नसलेला एकही कागद आला नव्हता, आणि इथे तर कागदच नव्हता. "यात पाणी मुरतंय," ते जिना चढताना म्हणाले.

"मामा, चार दिवस उरलेत," भाची म्हणाली. "घेऊन टाकू या ना."

"चौकशी केल्याशिवाय? ताईला काय तोंड दाखवू मी?"

शिडीवाल्यावर नजर ठेवायची म्हणजे त्याच्या खोलीसमोर बसायला हवं. समोर पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता आणि तिथल्या बाकावरून ती खोली स्वच्छ दिसायची. मामा जाऊन बसले, मासिक उघडलं, आणि मासिकावरून पाहू लागले. तासाभरात शिडीवाला दोनदा बाहेर गेला, दोनदा आला आणि एकदा शिंकला. मामांनी तिन्ही नोंदी वेळेसह केल्या. इतक्यात डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं.

"मी पेशंट नाही," मामा म्हणाले.

"तासभर इथे बसलाय, पेशंट नाही म्हणता? भीती वाटते, होतं असं सगळ्यांचं. आ करा."

माणसाने आ केला की त्याची बाजू मांडायची सोय राहत नाही. डॉक्टरांना वरच्या ओळीत एक कीड सापडली. छाननी त्यांनी फारच बारकाईने केली, त्यामुळे मामांना हरकतही घेता येईना. दाढ भरता भरता डॉक्टर म्हणाले, "मघाशी शिडीवाल्याकडे बघत होतात ना? तीन वर्षं माझ्याकडे त्याचंच नेट आहे. एक तक्रार नाही. सोन्यासारखा माणूस." मामांनी ही साक्ष मनातल्या मनात फेटाळली. आपल्या तोंडात दोन हत्यारं घालून बसलेल्या माणसाची साक्ष निष्पक्ष कशी मानायची?

अर्धं तोंड बधिर झालेल्या अवस्थेत मामा परत आले. मैत्रिणीने दार उघडलं आणि हसू दाबायला ती दगडांच्या खोलीत निघून गेली. मामांना ते हसू ऐकू आलं आणि फार लागलं. पण त्याच अपमानात त्यांना मार्ग सुचला. शिडीवाल्याकडे अटी नसतील, तर आपण घालायच्या! त्यांनी टेबलावर पांढरे कागद पसरले आणि दिवसभर बसून एक दस्त तयार केला. मथळा होता, 'करार नसल्याबाबतचा करार'. एकूण कलमं सतरा. सहाव्या कलमानुसार मामांच्या लेखी परवानगीशिवाय शिडीवाल्याने किंवा आणखी कुणीही घराकडे येणाऱ्या वायरीला कुठेही हात लावायचा नव्हता, आणि परवानगीच्या कागदावर बिघाडाचं कारण नमूद असणं आवश्यक होतं. सातव्यात तोंडी परवानगी ग्राह्य धरली जाणार नाही असं होतं, 'मग ती देणारा कितीही मोठ्याने ओरडत असला तरी'. सतराव्या कलमात हा करार नाही, हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं होतं, आणि त्याखालच्या कोऱ्या जागेवर नेहमीची तिरकी रेघ होती.

"मामा, हा माणूस पळून जाईल," भाची कळवळून म्हणाली.

"पळाला तर चोर."

शिडीवाला पळाला नाही. त्याने कागद घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणले, तेव्हा प्रत्येक पानावर त्याची सही होती. "मी आणि बायकोने मिळून वाचलं, साहेब," तो म्हणाला. "दोनदा. सहावं कलम फार चांगलं आहे. कुणी पण येऊन वायर ओढतं हो. आणि काय सांगू, इतकी वर्षं धंदा करतोय, पण माझ्याशी कधी कुणी करार केला नव्हता. पोरांना दाखवला मी."

मामा गडबडले. आजवर त्यांनी लिहिलेलं कुणी आपणहून दोनदा वाचलं नव्हतं. शिडीवाल्याने त्याची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये मढवून खोलीत टांगली, तेव्हा मामांना आधी अभिमान वाटला आणि मग लगेच शंका आली, की हा टांगतोय कशासाठी?

आता उरली घरमालकीणबाईंची ना-हरकत. भिंतीला भोक पाडायचं नाही, वायर स्वयंपाकघरातल्या झरोक्यातून घ्यायची आणि शिडी कुंड्यांना लावायची नाही, एवढं त्यांनी लिहून दिलं. मामांनी तिथल्या तिथे पट्टी काढून त्यांच्या सहीखाली तिरकी रेघ मारली.

"म्हणजे काय? माझ्यावर संशय?" बाई कडाडल्या.

"तुमच्यावर नाही हो. कागदावर."

यावर बाईंनी स्वतःच्या प्रतीवरही तशीच रेघ मारून मागितली. बुधवारी दुपारी वायर आली, पेटी बसली आणि तिच्यावरचा हिरवा दिवा लागला. भाचीने आईला पडद्यावर दाखवलं. ताई म्हणाली, "केलंस हो तू!" आणि मामांनी नम्रपणे टाळूवरून हात फिरवला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गुरुवारी सकाळी मामांनी त्या दिव्याकडे नीट पाहिलं. भाची आत कपडे बदलत होती, मैत्रीण बाहेर गेली होती, म्हणजे नेट कुणीच वापरत नव्हतं, आणि तरी दिवा लुकलुकत होता. आपण वापरत नाही, मग लुकलुकतोय कुणासाठी? 'मागू नका'वाला आठवला, दातांचे डॉक्टर आठवले. वायर मध्येच कुठे फुटून दुसरीकडे तर जात नाही ना, हे बघायला मामा स्टुलावर चढले आणि झरोक्यातून वायर जराशी ओढून पाहिली. आली नाही, म्हणून आणखी जराशी. मग ती अचानक भरभर आत आली आणि दिवा तांबडा झाला.

घड्याळात दहा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

भाची बाहेर आली. तिने दिव्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मामांच्या हातातल्या वायरीच्या वेटोळ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मामा, चार वर्षं केलंय रे मी हे."

मामांनी वेटोळं खाली टाकलं. त्यांनी शिडीवाल्याला फोन लावला आणि धावत खाली उतरले. दातांचा दवाखाना गुरुवारी बंद असायचा, घरमालकीणबाईंकडे नेट नव्हतंच. शिडीवाला मात्र सात मिनिटांत आला. त्याने खांबाला शिडी लावली, वर मान करून सुटलेला जोड पाहिला आणि शिडीच्या पायथ्याशी शांतपणे उभा राहिला.

"चढा ना!" मामा म्हणाले.

"परवानगी, साहेब?"

"दिली! दिली! चढा!"

"तोंडी चालत नाही ना. सातवं कलम."

मामांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा सूड घेतोय का? एकतीस वर्षांची नजर त्या चेहऱ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरली, पण तिथे सूड नव्हता, थट्टाही नव्हती. करार मोडायची त्या माणसाला खरोखर भीती वाटत होती. "पोरांना सांगितलंय मी," तो अवघडून म्हणाला, "सही केली की पाळायचं म्हणून."

मामांनी खिशातून कागद काढला, शिडीच्या पायरीवर ठेवला आणि लिहायला पेन टेकवलं. बिघाडाचं कारण नमूद करणं आवश्यक. काय कारण? पेन जागच्या जागी अडलं. दहा वाजून बावन्न झाले. घरमालकीणबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि कुंड्या सांभाळा म्हणाल्या. वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत भाची दिसत होती. तिने मुलाखतीसाठी केस नीट विंचरले होते आणि ती खाली बघत होती.

मामांनी पेन उचललं आणि कागदाच्या अगदी तळाशी टेकवलं. सही केली. वर सगळा कागद कोरा होता.

"घ्या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "वर काय लिहायचं ते तुम्ही लिहा. सवडीने."

शिडीवाल्याने कागदाकडे पाहिलं, मग मामांकडे. त्याने तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, आत ओढलेली वायर झरोक्यातून परत सोडायला भाचीला सांगितलं आणि शिडी चढला.

अकराला दोन मिनिटं कमी असताना भाचीने खिडकीतून हात हलवला. नेट आलं होतं. पण जोडाचं टोक तुटलं होतं आणि नवं बसवायचं तर वायर पुन्हा सोडवावी लागणार होती. "मुलाखत होईपर्यंत धरून ठेवतो," शिडीवाला वरून म्हणाला. "तुम्ही शिडी धरा." आणि पुढची अडतीस मिनिटं तो दोन बोटांच्या चिमटीत ते नेट धरून उन्हात उभा राहिला, आणि खाली मामा दोन्ही हातांनी शिडी धरून उभे राहिले. त्यांचं अर्धं लक्ष खिडकीकडे होतं आणि अर्धं डोक्यावरच्या शर्टाच्या खिशाकडे. त्या खिशात त्यांची सही होती. सहीच्या वर माणूस काहीही लिहू शकतो. घर लिहू शकतो, मिक्सर लिहू शकतो.

"बोट दुखतंय का हो?" मामांनी एकदा विचारलं.

"दुखतंय, साहेब. पण बोलू नका, हलतं."

भाचीला जागा मिळाली. कळवायला तिने फोन केला तेव्हा मामा आपल्या घरी होते. ते आधी आनंदाने ओरडले, डोळे पुसले, आणि मग विचारलं, "शिडीवाला काही म्हणाला का?" पुढचे नऊ आठवडे हाच प्रश्न. पोस्टमन आला की ते दाराकडे धावत. पाकिटं ते आधी उजेडाविरुद्ध धरून पाहत. झोप उडाली होती म्हणायला हरकत नाही, पण झालेली गोष्ट त्यांनी ताईलासुद्धा सांगितली नाही. कोऱ्या कागदावर सही! छाननी विभागातल्या जुन्या सोबत्यांना कळलं असतं, तर त्यांनी रस्त्यात ओळख दिली नसती.

दहा आठवडे भरले तेव्हा भाचीचं सामान हलवायला मामा स्वतः गेले. मैत्रिणीचं दगडांचं पोतं त्यांनीच खाली उतरवलं आणि कशासाठी हे तेव्हाही विचारलं नाही. शिडीवाला आला, त्याने दहा मिनिटांत वायर सोडवली आणि हात-कोपरावर गुंडाळली. ना अर्ज, ना खिडकी, ना टोकन. पेटी पिशवीत टाकून तो निघाला आणि दारातून परत फिरला.

"हे राहिलं, साहेब. तुमची परवानगी."

मामांनी घडी उलगडली.  तळाशी त्यांची सही होती. वर एक अक्षरही नव्हतं. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सहीपर्यंत, सगळ्या कोऱ्या जागेवरून, निळ्या पेनाने एक तिरकी रेघ मारलेली होती.

"त्याच दिवशी मारून ठेवली," शिडीवाला म्हणाला. "माझ्याकडे चार माणसं येतात-जातात. कुणी काही घुसडायला नको."

तो गेला. स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. मामांनी सवयीने भिंग काढलं, पट्टी काढली आणि ती रेघेला लावून पाहिली. रेघ हाताने मारलेली होती आणि मध्यावर चांगलीच वाकडी गेली होती.

मामांनी पट्टी परत बॅगेत ठेवली आणि रेघ तशीच राहू दिली.